शिकवणीला येण्याआधी पालक विचारतात ते प्रश्न

गेली 14 वर्षं मी नाशिकला घरी शिकवणी घेते. एका वेळी एकच मूल. येणाऱ्यांत अध्ययन अक्षमता असलेली मुलं आहेत (सगळे ‘एलडी’च म्हणतात; बुद्धी असूनही वाचणं, लिहिणं किंवा आकडे अडतात ती), एडीएचडी असलेली आहेत (लक्ष हवं तिथे टिकत नाही, चुळबुळ थांबत नाही), स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेली आहेत. शाळेतलं सगळं आधीच येतं म्हणून शाळा नकोशी झालेलीही आहेत. फोनवर पालक तेच तेच विचारतात, आणि तेही बिचारे दबक्या आवाजात, कारण मूल शेजारच्या खोलीत असतं. म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

तुम्ही स्पेशल एज्युकेटर आहात का?

नाही. त्यासाठी वेगळं शिक्षण लागतं आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. मी गणिताची पदवीधर, पुढे बी.एड. केलं. मी निदान करत नाही, थेरपी देत नाही, औषध चालू करावं की बंद यावर मत देत नाही. त्यासाठी डॉक्टर आहेत. तुमच्या मुलाला ऑक्युपेशनल थेरपी किंवा स्पीच थेरपी चालू असेल तर ती माझ्यासाठी बंद करू नका.

मग तुम्ही नेमकं काय करता?

चुका वाचते. तिसरीतल्या एका मुलाची वही माझ्याकडे आली तेव्हा त्यात 53 − 27 = 34 असं होतं, वर लाल फुली. खाली 62 − 38 = 36, फुली. 81 − 45 = 44, फुली. पानभर फुल्या, आणि शेवटी बाईंचा शेरा: ‘लक्ष देत नाही’. आता तुम्हीच ती गणितं परत बघा. प्रत्येक ठिकाणी त्यानं मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय. तीनातून सात जात नाहीत ना, मग सातातून तीन. त्याने स्वतःपुरता एक नियम केला होता आणि तो वर्षभर इमानेइतबारे पाळला होता. लक्ष न देणाऱ्या मुलाच्या चुका इतक्या शिस्तीत येत नाहीत.

मी त्याला काही समजावलं नाही. आगकाड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावून ठेवले, तीन काड्या सुट्या. म्हटलं, मला सत्तावीस दे. दोन गठ्ठे पटकन दिले. मग सुट्या तीन हातात घेऊन बसला. माझ्याकडे बघितलं, काड्यांकडे बघितलं. मी गप्प. बऱ्याच वेळानं त्यानं एका गठ्ठ्याचं रबर सोडलं आणि म्हणाला, “हे चालतं?” ‘हे चालतं’ एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दर मुलागणिक असं ‘कुठे अडलंय’ शोधण्यात पहिले तीन-चार आठवडे जातात. त्या काळात पालकांना वाटतं की बाई नुसत्या खेळत बसतात. वाटू द्या.

आमचा मुलगा हुशार आहे हो, पण करतच नाही. आळशी आहे का?

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. माझा अनुभव असा की ‘करत नाही’ म्हणून आलेल्या मुलांपैकी बहुतेकांना ते ‘जमत नव्हतं’. आणि जमत नाही हे कबूल करण्यापेक्षा आळशी ठरणं त्यांना परवडत होतं. नऊ वर्षांचं मूलही अब्रू सांभाळतं. ते पुस्तक हरवतं, पोटात दुखतं म्हणतं, वर्गात विनोद करतं.

रिपोर्ट काढायलाच हवा का? शिक्का बसेल ना.

माझ्याकडे यायला रिपोर्ट लागत नाही. पण आधी दोन साध्या गोष्टी करा: डोळे आणि कान तपासून घ्या. फळा नीट न दिसणारं मूल ‘डिस्लेक्सिया (वाचनातली अध्ययन अक्षमता) आहे का बघा’ म्हणून माझ्यापर्यंत आलेलं आहे.

अध्ययन अक्षमतेचं निदान साधारण आठव्या वर्षाच्या पुढेच पक्कं करतात. त्याआधी अक्षरं उलटसुलट होणं बऱ्याच मुलांत असतं आणि पुष्कळांचं आपोआप जातं. पहिलीतल्या मुलाला घेऊन धावपळ करू नका, पण त्याच्या वह्या फेकूही नका.

शिक्क्याबद्दल म्हणाल तर शिक्का आधीच बसलेला असतो: ढ, मठ्ठ, धांदरट, ‘बापावर गेलाय’. त्यापेक्षा डॉक्टरांनी दिलेला शब्द बरा, त्यातून निदान पुढचा रस्ता दिसतो. फक्त एक करा. ‘गतिमंद’ हा शब्द या मुलांसाठी वापरू नका आणि नातेवाइकांनाही वापरू देऊ नका. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाची बुद्धी सर्वसाधारण असते, कधी त्याहून वरचढ. अडतं ते वाचणं, लिहिणं किंवा आकडे हाताळणं.

रिपोर्ट आलाच तर नुसता एकूण बुद्ध्यंक बघून फाइल बंद करू नका. आपल्याकडे बिने-कामत चाचणी अजून वापरतात. ती कानडी आणि मराठी मुलांवरून बेतलेली, म्हणून तिच्याबद्दल मला जरा माया आहे. अलीकडे वेक्स्लरच्या चाचण्याही करतात. चाचणी कुठलीही असो, आतल्या भागांमधली तफावत बघा. शब्दांत वरच्या टोकाला आणि कामाच्या वेगात तळाला असलेल्या मुलाची सरासरी ‘नॉर्मल’ येते, आणि मग सगळे म्हणतात, नॉर्मल आहे की!

बोलतो छान, पण मराठी वाचताना-लिहिताना गोंधळतो. असं का?

कारण आपली लिपी देखणी आहे, पण नवशिक्याला चकवे फार देते. पहिली वेलांटी घ्या. उच्चारात ‘द’ आधी आणि ‘इ’ नंतर, पण लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी. मूल ‘दिवस’ लिहायला घेतं, बोलण्याच्या क्रमानं आधी द काढतं, मग वेलांटी आठवते आणि ती पुढच्या व ला जाऊन चिकटते: ‘दविस’. रफाराचं याच्या उलट. ‘सूर्य’ म्हणताना र आधी येतो, पण तो जाऊन बसतो पुढच्या य च्या डोक्यावर. एकटा र किती सोंगं घेतो ते मोजा: प्रकार, सूर्य, ट्रक, तऱ्हा. चारही ठिकाणी आवाज एक, चेहरा वेगळा.

त्यात आपल्याकडे ‘ग म भ न’ ही परंपरा. सारख्या वळणाची अक्षरं एकत्र शिकवली की हात लवकर बसतो, हे बहुतेक मुलांसाठी खरंच. पण ज्याला म आणि भ मधली ती छोटी गाठ दिसतच नाही, त्याला ही दोन अक्षरं शेजारी शेजारी देऊ नयेत. अशा मुलाला मी म शिकवल्यावर बरेच दिवस भ दाखवत नाही. ध आणि घ यांचंही तसंच. अक्षर आधी रव्याच्या ताटात बोटानं, मग पाठीवर माझ्या बोटानं (ओळख बघू कुठलं?), मग कागदावर. शुद्धलेखनाची दहा-दहा पानं मी देत नाही. पहिल्या वर्षी दिली होती. पाचवीतल्या एका मुलीकडून रोज दोन पानं लिहून घेतली, तिचं अक्षर सुधारलं नाही आणि तिने येणं मात्र बंद केलं. चूक माझी होती. तिच्या आईला तसं सांगायला मला दोन वर्षं लागली.

आकडे उलटे लिहितो. त्रेपन्न सांगितलं की 35.

हे जितकं मुलाचं आहे तितकंच मराठीचंही आहे. त्रेपन्न, म्हणजे तीन आधी ऐकू आले, पन्नास नंतर. ऐकू आलं त्या क्रमानं लिहिलं: 35. एकोणसत्तरला तर सत्तर ऐकू येतं आणि हात 7 काढून मोकळा होतो. शंभरापर्यंतची आपली जवळजवळ प्रत्येक संख्या सुटी पाठ करावी लागते. इंग्रजीत वीसच्या पुढे दशक आधी आणि एकक नंतर, सरळ हिशेब.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. मराठी बुडाली इथपर्यंत लोक गेले. जुने शब्द पुस्तकात होतेच, हे पुष्कळांनी पाहिलंही नाही. माझ्या टेबलाशी बसणाऱ्या मुलांसाठी ती पद्धत म्हणजे आधाराची काठी होती. मी आजही वापरते: ‘पन्नास तीन’ म्हण, लिही, मग त्यालाच त्रेपन्न म्हणतात ते शीक. मराठी शाबूत आहे.

एका जागी पाच मिनिटं बसत नाही. तुमच्याकडे तास कसा बसणार?

बसणार नाही. माझी अटही नाही. ओट्याशी उभं राहून गणितं सोडवणारा मुलगा आहे, खुर्चीवर गुडघे टेकून वाचणारी मुलगी आहे. सहावीतल्या एकाचे पाढे बसून कधीच पाठ झाले नाहीत. एकदा मी मटार सोलत होते, तोही सोलायला लागला, आणि सोलता सोलता सतराचा पाढा बिनचूक म्हणून गेला. हाताला काम मिळालं की डोकं मोकळं होतं, अशी काही मुलं असतात. त्याच्या आईनं आधी नाक मुरडलं. आता त्यांच्या घरी शेंगा आणि लसूण आयतं सोलून मिळतं.

एका वेळी एकच सूचना द्या. ‘वही काढ, तारीख घाल, समास सोड आणि धडा चारचे प्रश्न लिही’ यातलं त्याच्यापर्यंत ‘वही काढ’ पोचतं. आणि ‘मोबाइलवर तर दोन तास बसतो’ हे मला सांगू नका. एडीएचडीत लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिथे वळवता येत नाही. स्क्रीन दर क्षणाला काहीतरी नवं देते. आपलं लसावि-मसावि देत नाही.

मुलगा स्वमग्न आहे, ट्रेनशिवाय कशावर बोलत नाही. ते बंद करावं का?

कृपया नको. तोच तुमचा दरवाजा आहे. सातवीतला एक मुलगा पहिले चार तास माझ्याशी फक्त 12109 आणि 12110 या आकड्यांबद्दल बोलला. पंचवटी एक्स्प्रेसचे नंबर, जाताना एक आणि येताना दुसरा. मी ऐकत राहिले. मग त्यानंच सांगितलं की कसारा घाटात चढ 1:37 आहे, म्हणून कसाऱ्याहून इगतपुरीकडे येताना गाड्यांना मागून बँकर इंजिन लावतात. मी विचारलं, 1:37 म्हणजे काय रे? त्याला आकडा माहीत होता, अर्थ माहीत नव्हता. 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. मग 370 मीटर गेलं की? 1 किलोमीटर गेलं की? गुणोत्तर आणि प्रमाण हे अख्खं प्रकरण आम्ही त्या घाटात संपवलं. शाळेतल्या आंबे आणि पेन्सिलींच्या गणितांनी वर्षभरात जे झालं नव्हतं ते दहा दिवसांत झालं.

अशा मुलांशी बोलताना आडून बोलू नका. ‘वही काढायची नाही का?’ असं विचारलंत तर तो ‘नाही’ म्हणेल, आणि ते उद्धट उत्तर नव्हे. तुम्ही प्रश्न विचारला, त्यानं खरं सांगितलं. ‘वही काढ’ म्हणा. माझ्याकडे तासाला काय काय होणार ते आधी पाटीवर लिहिलेलं असतं. त्यात बदल करायचा तर आधी सांगून करायचा. डोळ्यांत बघून बोल असा आग्रह मी धरत नाही.

शाळा म्हणते, घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला. खरंच करायचं?

दोन भाषा कानावर पडल्यानं स्वमग्न मुलाचं नुकसान होतं असं संशोधनात दिसलेलं नाही. उलट ज्या घरात आजी मराठीशिवाय बोलूच शकत नाही, तिथे मराठी बंद केली म्हणजे मुलाच्या आयुष्यातलं एक बोलतं माणूस काढून घेतलं. आई-वडिलांचं अवघडलेलं, व्याकरणाला घाबरलेलं इंग्रजी कानावर घालण्यात काय साधतं ते मला आजवर कळलेलं नाही. पुणे-मुंबईतलेच नव्हे, परदेशातले मराठी पालकही हे विचारतात. उत्तर तेच. स्पीच थेरपिस्टनं तुमच्या मुलापुरतं काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांना कारण विचारा.

माझ्या मुलीला सगळं आधीच येतं. तिला शिकवणी कशाला लागेल?

कदाचित लागणारही नाही. पण ‘पुढच्या इयत्तेचं पुस्तक द्या’ म्हणून आला असाल तर मी देणार नाही. चौथीत सहावीचं संपवलेली मुलगी पाचवीत दुप्पट कंटाळते. तिला पुढे नेण्याऐवजी खोल नेते.

त्यासाठी मला देवळालीचे कापरेकर मास्तर पुरतात. द. रा. कापरेकर, शाळेत गणित शिकवणारे गृहस्थ. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या, आणि वजा करा. आलेल्या संख्येचं पुन्हा तेच. 3524 घ्या: 5432 − 2345 = 3087. मग 8730 − 0378 = 8352. मग 8532 − 2358 = 6174. आणि 7641 − 1467? पुन्हा 6174. फार तर सात पायऱ्यांत इथे पोचायचंच. आठ वर्षांच्या एका मुलीनं हे शनिवारी ऐकलं आणि मंगळवारी सत्तर-ऐंशी संख्या करून आणल्या. एरवी शाळेची दहा वजाबाक्यांची वर्कशीट बघून रडणारी हीच मुलगी. मग म्हणाली, तीन अंकी संख्यांचं काय होतं? मी सांगितलं नाही. तुम्हीही तिला विचारल्याशिवाय सांगू नका. कापरेकरांना इथे फारसं कुणी मोजलं नाही. 1975 मध्ये गणितातल्या गमतींवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर जगाला त्यांचं नाव कळलं.

शाळेशी भांडण्याऐवजी एक तोडगा मागून बघा: स्वाध्यायातली शेवटची, सगळ्यांत अवघड पाच गणितं ती आधी करेल, बरोबर आली तर बाकीची माफ. काही बाई ऐकतात.

या मुलांचं दुसरं दुखणं म्हणजे चुकण्याची भीती. कधी चुकायची सवयच नसते, त्यामुळे पहिल्या चुकीला कागदाला भोक पडेपर्यंत रबर चालतं. माझ्याकडे त्यांना पेन मिळतं, खोडरबर नाही. आणि मी स्वतः मुद्दाम न ठरवता भरपूर चुकते, तेवढं पुरतं.

प्रज्ञावान मुलांची शाळा म्हणून पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीबद्दल बरेच जण विचारतात. आप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये संस्था सुरू केली, 1969 मध्ये प्रशाला. तिथला विचार असा की बुद्धी असेल तर ती समाजाच्या कामी यावी. मला तो पटतो. फक्त मुलाच्या कपाळावर ‘प्रज्ञावान’ लिहून नातेवाइकांत फिरवणं वेगळं.

हुशारही आहे आणि लिहिताही येत नाही. दोन्ही कसं असेल?

असतं, आणि तेच लवकर सापडत नाही. पाचवीतला मुलगा कृष्णविवर समजावून सांगतो, पण चार ओळी लिहायला अर्धा तास. हुशारीच्या जोरावर तो धडा ऐकून लक्षात ठेवतो, म्हणून अडचण झाकली जाते. अडचणीमुळे गुण साठ टक्के, म्हणून हुशारी झाकली जाते. शाळेच्या लेखी तो मधल्या बाकावरचा मुलगा. सातवी-आठवीत लिहिणं वाढलं की एकदम कोसळतो. अशा मुलाच्या दोन्ही बाजू एकत्र शिकवाव्या लागतात. लिहिणं सुधारेपर्यंत विचार थांबवून ठेवायचा नाही: तो बोलतो, मी लिहिते, मग त्यातली दोन वाक्यं तो स्वतः लिहितो.

दहावीला सवलती मिळतात म्हणे?

मिळतात, आणि महाराष्ट्रानं या बाबतीत 1990 च्या दशकातच सुरुवात केली. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात जे 21 प्रकार आहेत त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता दोन्ही आहेत. तासाला 20 मिनिटं जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक, कॅल्क्युलेटर अशा त्या सवलती. खासगी मानसोपचारतज्ज्ञाचा रिपोर्ट पुरत नाही, ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायन रुग्णालयाचं एलडी क्लिनिक जुनं आहे. अर्ज शाळेमार्फत जातो. नववी सुरू झाल्याबरोबर मागे लागा. दहावीच्या दिवाळीत जाग आलेल्या पालकांची धावपळ मी पाहिली आहे.

एडीएचडी या 21 प्रकारांत नाव घेऊन नाही, याचा अनेकांना धक्का बसतो. सोबत अध्ययन अक्षमता असेल तर तिच्या प्रमाणपत्रावर सवलत मिळते, आणि दोन्ही एकत्र असणं सर्रास आहे.

लेखनिक मिळाला म्हणजे झालं असं नाही. बोलून उत्तर सांगणं ही वेगळी कला आहे: ‘नवीन परिच्छेद’, ‘स्वल्पविराम’ हे म्हणावं लागतं. वर्षभर सराव लागतो.

आजोबा म्हणतात, आमच्या वेळी दोन छड्यांत सरळ व्हायचे.

सरळ व्हायचे नाहीत, शाळा सोडायचे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. आजोबांना कायदा सांगू नका. त्यांना माझ्याकडे घेऊन या आणि डाव्या हातानं पानभर लिहायला सांगते म्हणावं. एकदा एका आजोबांनी खरंच लिहिलं. चौथ्या ओळीला पेन ठेवून म्हणाले, “बोटं दुखली.” नातवाकडे बघून काही बोलले नाहीत, पण पुढच्या वेळी तेच सोडायला आले.

तुम्हाला राग येत नाही का?

येतो. मग मी पाणी प्यायला आत जाते. दुसरीत मला वर्गाबाहेर उभं करत. कारण एकच: बाई शिकवत असताना मी खिडकीबाहेर बघत असे. मी त्या व्हरांड्याचे गज मोजले होते, 46. गज मोजू शकणाऱ्या मुलीला गणित येत नाही असं प्रगतिपुस्तकावर लिहिलेलं होतं. माझं स्वतःचं एडीएचडीचं निदान 34 व्या वर्षी झालं; शंका आली ती एका विद्यार्थ्याच्या आईनं दाखवलेली प्रश्नावली वाचताना. आजही मी गॅसवर दूध ठेवून विसरते, म्हणून तासाला दूध ठेवत नाही.

किती महिन्यांत मार्क वाढतील?

सांगता येत नाही. जे सांगतात त्यांच्याकडे जाऊ नका.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

जुन्या वह्या. फेअर नव्हे, रफ. सगळ्यात वाईट गुणांचा पेपर, न चुरगळता. मुलाच्या आवडीची एखादी वस्तू, मग ते वेळापत्रक असो की मेलेल्या भुंग्याची डबी (आलेली आहे). घरून निघताना ‘बाई तुला सुधारणार आहेत’ असं सांगू नका. आणि डबा द्या. शाळेतून थेट येणारी मुलं भुकेली असतात. पहिली दहा मिनिटं खाण्यात जातात, ती मी तासात धरत नाही.